ना-हरकत प्लॅटफॉर्म

आमच्या पारिजात सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दोन इमारतींच्या मध्ये एक अंगण आहे. खरे तर 'होते' असे लिहायला हवे. पण संस्थेच्या दप्तरी ते अजून आहे, आणि मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस असल्यामुळे दप्तरी जे आहे ते आहेच असे मानतो. डोंबिवली पूर्वेला इतके मोकळे अंगण आता फारसे कुणाकडे राहिलेले नाही. कडेला एक जांभूळ, त्याखाली सिमेंटचे बाकडे, आणि उरलेल्या मातीत संध्याकाळी सोसायटीतली झाडून सारी मुले डबा ऐसपैस खेळत. माझी नात समृद्धी त्यांची पुढारी. मी बाकड्यावर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवत असे, म्हणजे मुख्यतः ओरडत असे.

या अंगणावर मोटारवाल्या सभासदांचा डोळा होता. दर वर्षी सर्वसाधारण सभेत 'अंगणात पार्किंग करणेबाबत' हा विषय येई आणि दर वर्षी बारगळे. मुलांविषयी कुणाला माया होती म्हणून नव्हे. कोणाची गाडी जांभळाच्या सावलीत लागावी आणि कोणाची गटाराच्या झाकणाशेजारी, यावर कधी एकमतच होत नसे. ए विंग हो म्हणाली की बी विंगला त्यात काळेबेरे दिसे. चहा संपला की सभाही संपे, आणि दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा खेळायला मोकळी. आमच्यात एकमत होत नाही, एवढीच काय ती त्या अंगणाला संरक्षक भिंत होती. ती पाडण्याचे श्रेय बी विंगमधल्या सलिलला जाते. सचिव या नात्याने थोडे मलाही.

सलिल लहानाचा मोठा आमच्या डोळ्यांदेखत झाला. ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीतली चांगली नोकरी त्याने सोडली, तेव्हा सोसायटीने महिनाभर त्याच्या बायकोला, हेमांगीला, जिन्यात थांबवून थांबवून धीर दिला. तिला धीर नको होता. पण आमच्याकडे दुसरे द्यायला काही नव्हते. मग एके दिवशी सकाळी तो अर्ज घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"काका, एक एनओसी हवी होती. घरच्या पत्त्यावर कंपनी रजिस्टर करतोय."

"कसली कंपनी?"

"गेमिंग प्लॅटफॉर्म बांधतोय. ब्लॉकचेनवर."

आता डोंबिवलीत ज्याचे आयुष्य गेले त्याला ब्लॉक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. फ्लॅट हा शब्द आमच्याकडे फार उशिरा आला. त्याआधी माणसे ब्लॉक घेत, ब्लॉक रंगवत आणि ब्लॉकवरून भावाशी बोलणे टाकत. मुलाचे लग्न झाले की शेजारचा ब्लॉक जोडून घेत. तेव्हा अनेक ब्लॉक साखळीसारखे जोडून त्यावर हा मुलगा काहीतरी बांधणार, एवढे मला चटकन कळले.

"किती ब्लॉक जोडणार आहेस?" मी चष्मा लावून विचारले.

"ते आधी सांगता येत नाही काका. वाढतच जातात."

"आणि मधल्या भिंती?"

"भिंती नसतातच. सगळं ओपन असतं. कोणीपण केव्हापण बघू शकतं."

"संडास-बाथरूमसकट?"

सलिलने अर्जाची घडी घालून ती खिशात ठेवली. मग म्हणाला, "काका, कमिटीची मीटिंग बोलवा. मी सगळ्यांना एकदाच सांगतो."

मीटिंग अध्यक्षा सुमतीबाईंच्या ब्लॉकमध्ये झाली. सुमतीबाई निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या सोसायटीला त्यांनी शाळेत अंगठे धरून उभे केले असल्यामुळे अध्यक्षपदासाठी त्यांच्याविरुद्ध कुणी उभे राहत नाही.

"सलिल, उभा राहा आणि शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं सांग," त्या म्हणाल्या. सलिल उभा राहिला. छत्तिसाव्या वर्षी राहिला, पण हात मागे बांधूनच.

"बाई, ब्लॉक म्हणजे आपला राहायचा ब्लॉक नाही हो. समजा, एखाद्या मुलाने माझ्या गेममध्ये एक गोटी जिंकली. ती गोटी त्याची, ही नोंद एका चौकोनात होते. त्या चौकोनाला ब्लॉक म्हणतात. पुढचा चौकोन मागच्याला बांधलेला, त्याच्या पुढचा त्याला. प्रत सगळ्यांकडे. सगळ्यांनी मान्य केल्याशिवाय नवीन काही लिहिता येत नाही, आणि एकदा लिहिलं की पुसता येत नाही. तीच तर मजा आहे."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय पुढची सभा सुरूच होत नाही, प्रत सर्वांना, खाडाखोड चालत नाही. उभी हयात मी दुसरे केले काय? मी आयुष्यभर ब्लॉकचेनच चालवत आलो होतो आणि सरकारने मला त्याचा भत्तासुद्धा दिला नव्हता.

"आणि हा खेळ कसला?" सुमतीबाईंनी विचारले.

इथे सलिलचा आवाज बदलला. "डबा ऐसपैस, बाई. लगोरी, विषामृत, सगळे. टॉवरमध्ये राहणाऱ्या पोरांना अंगण कुठे असतं? पार्किंगच्या छतावरच्या पोडियमवर चेंडू नेला तरी वॉचमन शिट्टी मारतो. त्यांच्यासाठी मी आपलं अंगण टाकतोय त्यात. जांभूळ, बाकडं, माती, जसंच्या तसं. सगळी मापं घेतलीत. नावपण 'अंगण'च आहे."

सुमतीबाईंनी डोळे टिपले. मला मात्र वेगळेच सुचले होते. मी म्हणालो, एनओसी देऊ; पण सोसायटीचे ठरावही तुझ्या त्या साखळीवर घ्यायचे. सभेला कुणी येत नाही, गणसंख्या भरत नाही, तहकूब सभा घ्यावी लागते. फोनवर ठराव टाकू, फोनवरच मान्य करू.

"काका, गेमचा प्लॅटफॉर्म आहे तो. सोसायटीचा नाही."

"एनओसी सोसायटीची आहे ना?"

सलिलने मान खाली घातली. तो चांगला मुलगा आहे.

प्रश्न आला बटनाचा. ठराव मान्य असेल तर काय दाबायचे? सलिलने 'आय अ‍ॅग्री' ठेवले होते. सुमतीबाईंनी मराठीचा आग्रह धरला. 'सहमत' मला पसंत नव्हते. त्या शब्दाने माणूस उगाच विचारात पडतो. मग मला सत्यनारायणाची पूजा आठवली. गुरुजी संकल्प सांगतात, 'मम म्हणा' म्हणतात, आणि यजमान हातावर पाणी घेऊन, शिरा लागत तर नाही ना हे बघायला स्वयंपाकघराकडे मान वळवून, 'मम' म्हणतो. इतक्या वर्षांत गुरुजींनी आमच्याकडून काय काय कबूल करून घेतले आहे हे कुणालाही ठाऊक नाही आणि कुणाची तक्रारही नाही. एकमताचा याहून निर्वेध मार्ग मी पाहिलेला नाही. बटनावर 'मम' लिहायचे ठरले. खेळात कबुली दिली की बक्षीस मिळते म्हणे, तर प्रत्येक 'मम'ला दहा अक्षता द्यायचे ठरले. या अक्षता अर्थातच फोनमधल्या, पण मोजता येणाऱ्या.

मग मी एनओसी तयार केली. 'सदर सभासद ब्लॉकचेनवर गेमिंग प्लॅटफॉर्म बांधत असून त्यास संस्थेची हरकत नाही.' खाली 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' म्हणून प्रभाग कार्यालयाचे नाव घातले.

"त्यांना प्रत कशाला काका?" सलिलने विचारले.

मी त्याला समजावले की कुणालाही प्रत न पाठवता लिहिलेले पत्र म्हणजे निव्वळ चिठ्ठी. एनओसीचा ठराव हाच साखळीवरचा आमचा पहिला ठराव झाला.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. जे सभासद सभेची सूचना फडताळात अंथरायला वापरत, ते सकाळी उठून पहिल्यांदा फोन बघू लागले. योगिनीताई ब्लॉक भाड्याने देऊन बाळकुमला विसाव्या मजल्यावर राहायला गेल्या होत्या. त्या तिथून मम करू लागल्या. भगवानराव खडवलीला ज्याला फार्महाऊस म्हणतात त्या एका खोलीत निवृत्त झाले होते. तिथे रेंज मिळत नसे म्हणून ते मम करायला पाण्याच्या टाकीवर चढत, आणि त्यामुळे त्यांचे गुडघेही सुधारले. कोणाकडे किती अक्षता झाल्या याची चर्चा दूध घेता घेता होऊ लागली. वर्षानुवर्षे एकमेकींशी न बोलणाऱ्या ए आणि बी विंग एका ठरावावर एकाच वेळी मम म्हणताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या.

अडचण एवढीच की ठराव पुरेनात. सभासद मला जिन्यात अडवून विचारत, "काका, आज काही नाही?" मग मी ठराव करू लागलो. पंप सुरू करणाऱ्याने तो बंदही करावा. जिन्यातला दिवा दिवसा लावू नये. दुसऱ्याच्या दारातली चप्पल पायात बसली तरी आपली समजू नये. एकदा तर घाईत सौभाग्यवतींनी दिलेली वाण्याची यादीच मी ठराव म्हणून पाठवली. 'अर्धा किलो शेंगदाणे, हिंग, कापूर' हा ठराव एकमताने संमत झाला आणि तो आजही अमलात आहे. यातून मी काही धडा घ्यायला हवा होता असे सुमतीबाई नंतर म्हणाल्या. त्यांनीही मम केले होते.

आणि अशा सुखाच्या दिवसांत प्रभाग कार्यालयातून संदेश आला. संदेश हे त्याचे नाव. हुद्दा कनिष्ठ अभियंता. खांद्याला बॅग, हातात मोजपट्टी. जांभळाखाली उभा राहून तो चारी बाजूंनी फिरून पाहू लागला.

"काका, मी परवापण येऊन गेलेलो. प्लॅटफॉर्म कुठे आहे?"

"कुठला प्लॅटफॉर्म?"

त्याने मला माझीच प्रत दाखवली. "हे बघा ना, 'प्लॅटफॉर्म बांधत असून'. बांधकाम परवानगी घेतलेली नाही तुम्ही. अनधिकृत आहे. पाडायची ऑर्डर निघालीय."

मी सलिलला हाक मारली. तो धावत खाली आला. प्लॅटफॉर्म इंटरनेटवर आहे, तो दिसत नसतो, हे त्याने फोन काढून दाखवले. संदेशने समजूतदारपणे मान डोलावली.

"मला समजतंय ओ दादा. मीपण गेम खेळतो. पण लिहिलंय 'बांधत आहे'. आमच्याकडे कागद आला, नंबर पडला, आता ते बांधकाम झालं. मी दिवा स्टेशनजवळ राहतो. आमच्याकडे बिल्डिंग आधी उभी राहते, कागद नंतर शोधतात. इथे कागद आहे आणि बांधकामच नाही. अशी केस मी पहिल्यांदा बघतोय."

"मग मी दुसरे पत्र देतो," मी म्हणालो. "बांधकाम झालेले नाही म्हणून."

"म्हणजे पहिलं खोटं दिलेलं? मग ती खोट्या माहितीची वेगळी केस होईल, काका. तुमच्या सहीची."

माझी सही! सबंध नोकरीत जिच्यावर कुणी शेरा मारला नाही ती माझी सही! मी सलिलकडे वळलो. "साखळीवरचा तो पहिला ठरावच काढून टाक."

"पुसता येत नाही, काका," सलिल क्षीण आवाजात म्हणाला.

संदेश वाईट मुलगा नव्हता. तो बाकड्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "साधं आहे. पाडल्याचा रिपोर्ट गेला की फाइल बंद. पण रिपोर्ट कॉम्प्युटरवर भरतो आम्ही. पाडण्याआधीचा फोटो टाकल्याशिवाय पाडल्यानंतरच्या फोटोचा रकाना उघडतच नाही. नंतरचा फोटो तुमच्याकडे तयार आहे." त्याने रिकाम्या अंगणाकडे हात केला. "आधीचाच नाही. तर एवढुसा बांधून टाका. आम्ही येतो, फोटो काढतो, पाडतो, परत फोटो काढतो. विषय संपला."

खरे सांगतो, मला त्यात काही खटकले नाही. याहून वाकड्या वाटांनी मी आयुष्यभर फायली बंद केल्या आहेत. सलिल मात्र म्हणाला, "काका, थांबा. मी वकिलाला विचारतो." मी म्हणालो, विचार, आणि तो विचारायला गेला तेवढ्यात ठराव टाकला: 'अंगणात प्लॅटफॉर्म बांधावा.' शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत तो एकमताने संमत झाला. खडवलीहून भगवानरावांचे मम सर्वांत आधी आले. सलिलचेही आले होते. त्याने नंतर सांगितले की वकिलाचा फोन लागत नव्हता, हातात फोन होता, बोट आपोआप गेले.

समृद्धी डबा हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आबा, पाडायचाच आहे तर बांधतोयस कशाला?"

"बांधल्याशिवाय पाडता येत नाही, बाळ."

"मग आत्ता आहे तसंच राहू दे ना."

"ते नियमात बसत नाही," मी म्हणालो, आणि दोन दिवस घरात खेळायला सांगितले.

काँट्रॅक्टरने नकाशा मागितला. ठरावात माप नव्हते. 'एवढुसा' हा शब्द संदेश बोलला होता, मी लिहिला नव्हता. आमच्या अंगणाचा नकाशा म्हणाल तर जगात एकच उपलब्ध होता, सलिलने खेळासाठी काढलेला. तो त्याने इतका बारकाईने काढला होता की काँट्रॅक्टरने मनापासून तारीफ केली आणि त्याबरहुकूम काम केले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जांभळाच्या बुंध्याला गोल कापून, गुडघाभर उंचीचा काँक्रीटचा प्लॅटफॉर्म. बाकडे मध्ये येत होते म्हणून तोडले. मुले जिन्याच्या खिडकीत ओळीने उभी राहून बघत होती. मिक्सर बघायला त्यांना मजाच वाटत असावी, असे मी तेव्हा मनाशी म्हटले.

आधीचा फोटो काढून झाला. पाडायला कुणी आले नाही. मी स्मरणपत्र पाठवले, मग दुसरे स्मरणपत्र, मग पहिल्या दोन्ही स्मरणपत्रांकडे लक्ष वेधणारे तिसरे. शेवटी संदेश आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन.

"काका, अभिनंदन. पाडायचं कॅन्सल!"

"म्हणजे?"

"आमच्या साहेबांनी तुमचा रेकॉर्ड बघितला. सगळ्या सभासदांची मान्यता, एकपण विरोध नाही, वर पुसता न येणारी. साहेब म्हणाले, याला अनधिकृत म्हणायचं तर अधिकृत कशाला म्हणायचं? असलं एकमत त्यांनी पूर्ण सर्व्हिसमध्ये बघितलेलं नाही. नियमित करून टाकलं. 'आदर्श खेळमंच' म्हणून."

मंडळी जमली. टाळ्या वाजल्या. समृद्धी गर्दीतून पुढे आली आणि म्हणाली, "म्हणजे आम्ही याच्यावर खेळायचं?"

संदेशने बॅगेतून अटींचा कागद काढला आणि तो जरा खाकरला. "एक अट आहे. कडेला कठडा नाही ना, म्हणून. याच्यावर स्थिर भार चालेल, हलता भार चालणार नाही."

"मुले कशात मोडतात?" मी विचारले.

"हलता भार," सुमतीबाई ताबडतोब म्हणाल्या. "याची हमी मी देते."

"आणि गाडी?" मागून कुणीतरी विचारले.

संदेशने कागद पुन्हा वाचला. "इंजिन बंद असेल तर स्थिर."

यानंतर जे झाले त्याचा मला सचिव म्हणून अभिमान वाटायला हवा. जो प्रश्न कुठल्याही सर्वसाधारण सभेला सुटला नव्हता, तो एका संध्याकाळी सुटला. कोणाची गाडी कुठे, हे अक्षतांवरून ठरवायचे. ज्याच्या जास्त त्याची पहिली निवड. ठराव मीच टाकत असल्यामुळे सर्वांत आधी मम माझेच होई, तेव्हा सर्वांत जास्त अक्षता आमच्या घरात निघाल्या. माझ्या मुलाची, नीलची, गाडी जांभळाखाली लागली. जिथे माझे बाकडे होते, बरोबर तिथे.

त्या दिवशी सलिल आला आणि प्लॅटफॉर्मच्या कडेला उभा राहिला. मग म्हणाला, "काका, मी इथे गुडघे फोडलेले. डावा दोनदा." हेमांगी त्याच्या मागोमाग आली होती. ती मला म्हणाली, "काका, याचा गेम सुरू झालाय. काल एवढी मुलं आलेली खेळायला, हा नुसता नाचत होता. मग बघितलं तर सगळी आपल्याच बिल्डिंगची. टॉवरमधलं एकपण नाही. त्यांना डबा ऐसपैस माहीतच नाही, येणार कुठून?" सलिलने तिला "गप गं" म्हटले, पण त्यात जोर नव्हता. मला वाईट वाटले. त्याची नोंद मात्र केली नाही.

तेव्हापासून आमच्या जिन्यात संध्याकाळी पायऱ्यापायऱ्यांवर मुले बसलेली असतात, आईबापांचे फोन घेऊन. कुणी ओरडत नाही, कुणाचे कुणाशी भांडण होत नाही. सभासदांना ही शांतता फार आवडली आहे. फोनमध्ये ती आमच्याच अंगणात खेळतात. खेळायला लागणाऱ्या अक्षता संपल्या की अंगणाचे दार बंद होते, म्हणून आईच्या फोनवर आलेले ठराव मुलेच मम करून टाकतात. आता तर मोठ्या माणसांना बटन दाबायचेही कष्ट उरलेले नाहीत.

समृद्धीला हे माझ्याआधी कळले. ती एक दिवस कागद घेऊन आली. त्यावर तिच्या मोठ्या अक्षरात लिहिले होते: 'अंगण मुलांना परत द्यावे.'

"आबा, हा ठराव टाक. कोणी वाचत नाही. सगळे मम करतील."

मी थक्क झालो. सगळ्या सोसायटीत व्यवस्था समजलेली ही एकटीच निघाली. ठराव सभासदाच्या नावानेच टाकावा लागतो, म्हणून ती माझ्याकडे आली होती. आणि माझ्याखेरीज तिला कोण होते? तिने माझा हात धरून ठेवला होता. मी कागद वाचला. खिडकीतून जांभळाखाली नीलची गाडी दिसत होती, आदल्याच दिवशी धुतलेली. आधीच्या जागेवर, गटाराशेजारी, तिच्यावर कावळे घाण करत.

मसुदा माझ्या हातून दुरुस्त झाल्याशिवाय कधी पुढे गेलेला नाही. मी तो ठेवला, फक्त दोन शब्द घातले. 'अंगण मुलांना योग्य वेळी परत द्यावे.' आणि टाकला.

गॅसवरचे दूध वर यायच्या आत ठराव एकमताने संमत झाला. जिन्यात असा काही आरडाओरडा झाला की सुमतीबाई दार उघडून बाहेर आल्या. मुले धडाधड पायऱ्या उतरली, सर्वांत पुढे समृद्धी, हातात तो जुना तुपाचा डबा. प्लॅटफॉर्मच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. गाड्या होत्या तिथेच होत्या.

ती वर आली. दम लागला होता. "आबा, योग्य वेळ म्हणजे कधी?"

"ती ठरवायला एक समिती नेमावी लागेल."

"मग ते दोन शब्द काढ."

"पुसता येत नाही, बाळ."

ती रडेल असे मला वाटले होते. रडली असती तर बरे झाले असते. समजूत कशी घालायची ते मला येते. ती माझ्याशेजारी बसली आणि आईचा फोन उघडून माझ्यापुढे धरला. त्यात आमचे अंगण होते. जांभूळ, माती, बाकड्याला गेलेला तडासुद्धा. आणि बाकड्यावर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेला एक म्हातारा.

"हा मी?"

"हो. सलिलकाकाने टाकलाय. आम्ही सांगितलं म्हणून."

मला एकदम भरून आले. "मग मला उठव की जरा. मीही खेळतो तुमच्यात."

"उठत नाहीस तू, आबा. सगळ्यांनी करून बघितलं. तू स्थिर आहेस." तिने म्हाताऱ्यावर बोट ठेवले. "असं केलं की फक्त एक शब्द बोलतोस."

फोनमधून माझाच आवाज आला. "मम."

हा वृत्तान्त मी आमच्या सोसायटीची निंदा म्हणून लिहिलेला नाही. वाचकांनी हसायला हरकत नाही; तशी एनओसी मी देतो. एवढेच विचारतो, की मघाशी वाचता वाचता आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक सूचना आली, आपण तिथे जाऊन अंगठा दाखवलात आणि पुन्हा इथे येऊन वाचू लागलात, त्या सूचनेत काय लिहिले होते? पूर्वी ज्यांना वाचता येत नसे ते अंगठा उठवत. आपल्याला तर वाचता येते.